मदत हवी आहे : पिकअपच्या इंजिनचा बेल्ट घसरतो, नुसता बेल्ट बदलू की टेन्शनरही (बेल्ट ताणून धरणारा भाग)?

राजेहो, जरा सांगा. माझी डिझेल पिकअप नागपूरच्या कळमना मार्केटला संत्री वाहते. पहाटे स्टार्ट केली की बेल्ट अशी किंचाळते की अख्खी गल्ली जागी होते. हेडलाइट आणि ब्लोअर लावला की आवाज वाढतो, बॅटरीचा लाल दिवा मिणमिणतो. इंजिन तापलं की गप्प.

चालू इंजिनात बेल्टवर थोडं पाणी शिंपडून पाहिलं, तर आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. म्हणजे ताण कमी आहे, असा माझा अंदाज. बेल्टची आतली बाजू काचेसारखी चकचकीत झालीय, खाचांमध्ये बारीक भेगा. पुलीवर तेलाचा डाग मात्र नाही.

मेकॅनिक म्हणतो, "भाऊ, बेल्ट टाकू, काम झालं." मला पटत नाही. टेन्शनर ऑटोमॅटिक आहे, त्याची स्प्रिंगच ढिली असेल तर नवीन बेल्टही घसरेलच ना? बेल्ट उतरवल्यावर टेन्शनर आणि आयडलरची (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) बेअरिंग हातानं फिरवून कशी ओळखायची? खरखर लागली की बदलायचीच का? आणि बेल्टवर स्प्रे मारून वेळ मारून नेण्याचे सल्ले कृपया नकोत.