घाट चढताना जळक्या रबराचा वास, क्लच की बेल्ट?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ७८,००० किमी झालेत. परवा माणगावहून ताम्हिणीमार्गे पुण्याला येताना निम्मा घाट चढल्यावर रबर जळल्यासारखा वास सुरू झाला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल (घाटात असंच वाटतं!), पण ट्रक मागे पडला तरी वास आमच्यासोबतच.

थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, एकही जास्त तापलेलं नव्हतं. म्हणजे ब्रेक चिकटलेला नसावा. टेम्परेचरचा काटा नॉर्मल. एसी बंद केल्यावर दहा मिनिटांत वास जवळजवळ गेला. सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद चिरकल्यासारखा आवाजही येतो. बॉनेट उघडलं तर पुलीपाशी (बेल्ट ज्यावर फिरतो ते चाक) काळी भुकटी दिसली.

मेकॅनिक म्हणतो क्लचप्लेट गेली, पूर्ण सेट बदला. पण चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर आरपीएमसोबत (इंजिनचे फेरे) गाडीचा वेगही वाढतो, क्लच घसरत नाही. मला फॅनबेल्टचाच (इंजिनच्या जोरावर एसी कंप्रेसर वगैरे फिरवणारा रबरी पट्टा) संशय आहे.

नुसता बेल्ट बदलून भागेल की टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), एसी कंप्रेसरच्या पुलीचं बेअरिंगही तपासावं? बेअरिंग गेलंय हे घरी कसं ओळखायचं? शनिवारी परत कोकणात जायचंय.