अंगावर पिणारं बाळ घरी ठेवून नाटकाला जायचंय, तयारी कशी करू?

नवीआई_पौडरोड

बाळ तेरा आठवड्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. बाटली, चमचा, काहीच अजून लावलेलं नाही. तीनेक आठवड्यांनी एका रविवारी बालगंधर्वला संध्याकाळी पाचचा प्रयोग बघायचा आहे, मैत्रिणीबरोबर. जमलं तर नंतर वैशालीत खाऊन येऊ. घर आनंदनगरला. मागे नवरा आणि सासूबाई असतील. दोघंही तयार आहेत, फक्त सासूबाई म्हणतात वाटी-चमच्याने पाजू आणि नवरा म्हणतो बाटली आणू. साधारण पाच तासांचा प्रश्न आहे. दूध किती, कधीपासून, कशात काढून ठेवायचं? मधे माझं दाटलं तर? हाताने चालवायचा पंप आहे, फ्रिज एका दाराचा.

"अजून लहान आहे गं, वर्षभर थांब" हा सल्ला कृपया नको. तो घरपोच मिळतोय.

अधोली

आधी हिशेब. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर पितं, म्हणजे तासाला २५ ते ३५ मिली. पाच तासांचे झाले १२५ ते १७५. निघायच्या आधी दोन्ही बाजूंनी पोटभर पाजून निघालीस तर त्यातला पहिला तास-दीड तास असाच जातो. तरी १८० धर, साठ-साठच्या तीन वाट्यांत. शिवाय साठची एक जास्तीची. एकदम १८० एका बाटलीत भरू नकोस. बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांत संपवावं लागतं, उरलं तर टाकायचं. मेहनतीने काढलेलं शंभर मिली दूध बेसिनमध्ये ओतायची वेळ येते ती मोठ्या बाटलीमुळे.

काढायची वेळ सकाळची. रात्री उशिरा आणि पहाटे दूध जास्त असतं, म्हणून सकाळचं पहिलं पाजणं झालं की अर्ध्या-पाऊण तासाने दोन्ही बाजू दहा-दहा मिनिटं. दुसरी वेळ रात्री बाळ झोपल्यावर. एका वेळी ३० मिली मिळालं तरी चार दिवसांत २४० होतात. आदल्या दिवशी बसून सगळं काढू असं ठरवलंस तर बाळ आणि पंप दोघंही उपाशी.

ठेवायचं असं:
काढलेलं ताजं दूध खोलीत चार तास चालतं, पण ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीत. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तो हिशेब विसरायचा, काढलं की लगेच फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये चार दिवस. दारात नाही, आत मागच्या भिंतीकडे. दार उघडलं की गरम हवा आधी दारातल्या कप्प्याला लागते. एका दाराच्या फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा वेगळ्या दाराच्या फ्रीझरइतका थंड राहत नाही. "सहा महिने टिकतं" हे वेगळ्या दाराच्या फ्रीझरबद्दल असतं, तुझ्याकडे दोन आठवड्यांच्या आत वापर. आणि गुरुवार लक्षात ठेव. दुरुस्तीसाठी लाइट गेली की फ्रिजचं दार उघडायचं नाही.

नवं काढलेलं कोमट दूध आधीच्या गार दुधात ओतू नकोस. आधी वेगळं गार कर, मग एकत्र. गोठवायचं असेल तर भांडं काठोकाठ भरायचं नाही, गोठताना फुगतं. पिशवीत असेल तर आडवी सपाट ठेव, पातळ थर लवकर सुटतो. प्रत्येकावर तारीख.

निगुती

बाटली की वाटी यावर घरात भांडण नको, कारण खरा मुद्दा वेगळा आहे. तेरा आठवड्यांच्या बाळाला दोन्ही नवीन. पहिल्या दोन महिन्यांत तोंडात जे येईल ते चोखायची प्रतिक्षिप्त क्रिया असते, तीन महिन्यांनंतर ती ओसरते आणि बाळ स्वतःच्या मर्जीने चोखतं. म्हणून या वयात बाटली लावायला घेतली की जिभेने ढकलून देतात. नाटकाच्या दिवशी पहिल्यांदा काहीही करायचं नाही. आजपासून एक दिवसाआड, २० ते ३० मिली, बाळ जेमतेम भुकेलेलं असताना. रडून लाल झाल्यावर नवं काही शिकत नाही.

माझं मत सासूबाईंच्या बाजूने. बालरोगतज्ज्ञही अंगावरच्या बाळाला बाटलीपेक्षा वाटी-चमचाच सांगतात. स्वच्छ करायला सोपं, आणि बूच चोखायची सवय लागून अंगावर कुरकुर करायची भीती नाही. पण पद्धत महत्त्वाची. बाळ मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, मानेमागे हात. चमचा खालच्या ओठावर टेकवायचा, दूध ओठाला लागेल इतकाच कलता. बाळ जीभ बाहेर काढून स्वतः ओढून घेतं. तोंडात ओतायचं नाही. आडवं झोपवून बोंडल्याने घशात सोडायची जुनी पद्धत आहे, त्यात ठसका लागतो. बोंडलं असेल तर तेही याच पद्धतीने, चोच ओठाच्या कोपऱ्याला. चोचीच्या आत दूध चिकटून राहतं, तिथे बारीक ब्रश फिरवल्याशिवाय उकळून उपयोग नाही. सांडतं बरंच, लाळेरं बांधा आणि साठच्या वाटीतले दहा मिली कपड्याचे समजा.

बाटलीच हवी असेल तर सगळ्यात कमी धारेचं बूच. बाळ बसतं, बाटली आडवी, दर २०-३० मिलीला बाहेर काढून थांबायचं. साठ मिलीला दहा-पंधरा मिनिटं लागली पाहिजेत. दोन मिनिटांत रिकामी झाली तर बाळ अजून मागतं, घरच्यांना वाटतं उपाशी होतं, आणि पाच तासांचं दूध दोन तासांत संपतं.

भांडी धुऊन उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. स्वच्छ फडक्यावर उपडी.

बाबा_रात्रपाळी

नवऱ्यासाठी. पाजायचा सराव आईने करून चालत नाही. आईच्या वासाला बाळ तिच्याकडेच वळतं. तिने त्या वेळी दुसऱ्या खोलीतही नको, खाली सोसायटीत चक्कर मारून यावं. तिचा वापरलेला सुती गाऊन किंवा ओढणी मांडीवर घ्या. बाळाचं तोंड बाहेरच्या बाजूला, उभ्याने झुलवत दिलं तर काही बाळं घेतात, आईसारखं कुशीत धरलं की चिडतात.

दूध गॅसवर ठेवायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका बसेल इतकं गरम आणि बाजूला गार राहतं. पातेल्यात गरम पाणी, त्यात वाटी ठेवून पाचेक मिनिटं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, गार-गरम काहीच जाणवलं नाही तर बरोबर. वर साय आल्यासारखा थर दिसतो, तो दूध नासल्याचा नाही. हलकेच गोल फिरवा, मिसळतो. गोठवलेलं आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा. पूर्ण सुटल्यावर २४ तासांत वापरायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही.

आजीबाईंना हे आधी स्पष्ट सांगा. आपल्याकडे दूध म्हटलं की तापवायचं हा हाताचा स्वभाव आहे, आणि पातेलं गॅसवर चढलेलं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

नवीआई_पौडरोड

सगळ्यांचे आभार. दोन अडचणी. काल सकाळी पंप लावला, दोन्ही बाजू मिळून जेमतेम १५ मिली. आणि गेल्या आठवड्यात गोठवलेली एक पिशवी सोडवून बघितली तर साबणासारखा वास येतोय. टाकून देऊ?

अधोली

पाजल्यानंतर १५-२० मिली हे नेहमीचंच आहे, त्यावरून दूध कमी आहे असं ठरवू नकोस. बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं. पण पंपही तपास. पंपाबरोबर आलेलं फनेल, म्हणजे स्तनावर बसणारा नरसाळ्यासारखा भाग, बहुतेक वेळा २४ मिलीमीटरचं असतं. पट्टीने स्तनाग्राची रुंदी मोज आणि त्यात दोन-तीन मिलीमीटर मिळव, तेवढं फनेल हवं. मोठं असेल तर भोवतालचा काळा भाग आत ओढला जातो, दुखतं आणि दूध येत नाही. लहान असेल तर घासलं जातं. दुसरी गोष्ट, खालचा चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह. तो उजेडात धर. चीर आडवी वाढलेली दिसली किंवा ओठ मिटत नसले तर ओढ कमी होते. सुटा मिळतो, त्यासाठी नवा पंप नको.

लावायच्या आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पाच मिनिटं, मग हलक्या हाताने मालिश. सुरुवातीला भरभर, छोटे दाब. धार सुरू झाली की सावकाश, खोल.

साबणाचा वास आला तर दूध खराब नाही. दुधातला लायपेज हा घटक स्निग्धांश फोडतो, काहींच्या दुधात तो जास्त असतो. बाळ घेत असेल तर देता येतं, पण पुष्कळ बाळं तोंड फिरवतात. पुढच्या वेळी गोठवायच्या आधी, काढल्या काढल्या छोट्या पातेल्यात मंद आचेवर ठेव, कडेने बारीक बुडबुडे येईपर्यंत. उकळी नाही. लगेच गार पाण्यात पातेलं बसवून थंड कर आणि मग गोठव. गॅसवर ठेवायची एवढी एकच सूट, तीही तुझ्या हाताने. एकदा वास आला की नंतर तापवून जात नाही. तुझं काम चार दिवसांचंच आहे, त्यामुळे गोठवूच नकोस. बुधवारी रात्रीपासून काढून फ्रिजमध्ये ठेव. आंबट, कुजका वास असेल तर मात्र टाकायचं.

शेवंता

एक वेगळा विचार. संध्याकाळी पाच ते नऊ ही लहान बाळांची किरकिरीची वेळ, पाजणंही त्याच वेळी लागोपाठ लागतं. सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे टोकाला जातं, तीन-चार महिन्यांत उतरतं. अजून उतरलं नसेल तर दुपारी साडेबाराचा प्रयोग बघ. बाळाची झोपेची वेळ, आणि पाचच्या आत घरी. संध्याकाळची मजा नाही हे मान्य.

आणि १४ आठवड्यांची लस याच दिवसांत येईल. ती आणि नाटक यांत तीन-चार दिवसांचं तरी अंतर ठेव. लशीच्या रात्री ताप, पाय दुखून रडणं हे होतंच, त्यात नवी वाटी-चमच्याची परीक्षा नको.

कट्ट्यावरची

बालगंधर्वचं बघू. आनंदनगरहून मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान पाचवं स्टेशन, तिथून चालत. रविवारी संध्याकाळी कर्वे रोड आणि डेक्कनच्या गर्दीत रिक्षाने किती वेळ लागेल सांगता येत नाही, मेट्रोने सांगता येतो. बाळ घरी असताना तो फरक महत्त्वाचा. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र हा बेतच करू नये.

खिडकीवर किंवा ऑनलाइन तिकीट काढताना रांगेच्या टोकाची खुर्ची, दाराजवळची. पुढच्या रांगेत मधे बसलीस तर उठता येत नाही.

दाटण्याचं: साधारण तीन-चार तासांनी जड वाटतं. पूर्ण काढायची गरज नाही, काढलंस तर उलट अजून बनतं. ताण जाईल इतकंच. मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी उठ. मध्यंतराला बायकांच्या प्रसाधनगृहाची रांग किती असते हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेपासून जरा मागे, इंग्रजी सी च्या आकारात. आधी छातीकडे मागे दाब, मग बोटं जवळ, मग सोड. पुढे ओढत, घासत नाही. पंचाच्या तुकड्यात काढ, पाच मिनिटं पुरतात. पुढून बटणांचा, गडद छापाचा कुर्ता, आत सुती पॅडची एक जोडी, पर्समध्ये दुसरी. रंगमंचावर बाळ रडलं तरी पान्हा फुटतो. तसं झालं तर दोन्ही हातांची घडी घालून छातीवर जोरात दाबून धर, मिनिटभरात थांबतो.

वैशालीचं स्वप्न बाजूला ठेव. रविवारी प्रयोग सुटल्यावर तिथे नंबर लावायचा म्हणजे वरचा पाऊण तास गेला, आणि तोच तुझा पाचवा तास आहे. खायचंच असेल तर प्रयोगाआधी.

घरी आल्यावर एखादी गाठ हाताला लागली तर बाळाला आधी त्या बाजूला घे, नंतर फडक्यातून गार शेक. जोरात चोळू नकोस, सूज वाढते. लाल चट्टा, थंडी वाजून ताप आला तर डॉक्टर, त्याच दिवशी.

नवीआई_पौडरोड

वैशाली रद्द, दुःख आहे. शेवटचं: सासूबाई म्हणतात दूध कमी पडलं तर थोडं पाणी किंवा घुटी देऊ, तेवढ्याने काय होतंय. त्यांना न दुखावता काय सांगू?

निगुती

सहा महिन्यांपर्यंत पाणी नाही, उन्हाळ्यातही नाही. पाण्याने पोट भरतं आणि बाळ दूध घेत नाही. घुटी मधात उगाळत असतील तर साफ नको. वर्षाच्या आत मध म्हणजे बॉट्युलिझमचा (जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका, चाटवण्यापुरताही नाही. हे तू सांगू नकोस. लशीला जाताना त्यांना बरोबर ने आणि डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर विचार. "दूध संपलं तर काय" याचं उत्तरही तिथेच घे. डॉक्टरांनी पावडर सुचवली तर डब्यावरच्या मापाने, आधी पाणी मोजून मग सपाट चमचे. पुरवण्यासाठी पातळ करायची नाही.

बाबा_रात्रपाळी

फ्रिजच्या दारावर कागद लावा: निघताना किती वाजता पाजलं, कुठली वाटी आधी, डॉक्टरांचा नंबर, रुग्णवाहिका १०८. ताप ३८ अंशांच्या वर, हिरवी उलटी, किंवा उठवूनही नीट जागं होत नसेल तर नाटक संपायची वाट न बघता फोन आणि दवाखाना. नुसतं रडणं या यादीत नाही. त्यासाठी आधी ढेकर, लंगोट, कडेवर गॅलरीत एक फेरी. झोपलं तर पाठीवर, आजूबाजूला उशी-गोधडी नाही.

आणि प्रयोग सुटल्यावर तिने मेसेज करायचा: "निघाले". तिथून पुढे बाळाला वाटी द्यायची नाही, फारच रडलं तर चार चमचे. नाहीतर ती भरलेली येते आणि बाळ पोट भरून झोपलेलं असतं, मग रात्री दहाला पंप घेऊन बसायची वेळ येते.