पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका ऐकायला हातातला स्कॅनर: कोणता घ्यावा?

पाऊसपाणी
नमस्कार मंडळी. वादळ-पुराच्या वेळी मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात आहे. आमचं काम प्रथमोपचार आणि माणसं हलवणं. पण कुठे काय घडलंय हे आम्हालाच सगळ्यांत शेवटी कळतं, म्हणून एक खिशातला स्कॅनर, म्हणजे अनेक फ्रिक्वेन्सी एकामागून एक चाळून ऐकवणारा रेडिओ, घ्यायचा विचार आहे. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं.

दोन टोकं दिसतायत. एकीकडे युनिडेनचा बीसी१२५एटी, साधा, ५०० चॅनलचा. दुसरीकडे त्यांचाच एसडीएस१००, ज्याची किंमत घरी कशी सांगायची हा वेगळाच प्रश्न. मधे बीसीडी४३६एचपी आहे. एक मित्र म्हणतो, स्वस्तातला चिनी वॉकीटॉकी घे, त्यातही सगळं येतं. दुसरा म्हणतो, मोबाइलवर ॲप टाक आणि गप्प बस. कुणाचं ऐकू?

चौथामाळा
एसडीएस१०० घ्या, विषय संपला. स्वस्तातलं घेऊन नंतर पुन्हा महागातलं घेण्यापेक्षा एकदाच काय ते घ्या.

खरखर
विषय संपला कसा? त्यांच्याकडे हवेत काय चालतं हे अजून कुणी विचारलेलंच नाही. स्कॅनर निवडतो आपण, पण खरी निवड तिथल्या पोलिसांनी आणि अग्निशमनवाल्यांनी कधीच करून ठेवलेली असते. ती आधी शोधा.

सगळ्यांत आधी एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं सांकेतिक करून कुलूपबंद करणं. ते एईएस-२५६ सारख्या पक्क्या पद्धतीने बंद केलेलं असेल तर जगातला कुठलाही स्कॅनर ते उघडत नाही, एसडीएस१०० सुद्धा नाही. दुकानदार ‘डिजिटल आहे, सगळं येईल’ म्हणतो तेव्हा हे सोयीस्करपणे गाळतो. डिजिटल आणि एन्क्रिप्टेड या दोन वेगळ्या गोष्टी. युरोपातल्या बऱ्याच देशांत या सेवा टेट्रा नावाच्या डिजिटल रेडिओ पद्धतीवर आहेत, तेही कुलूपबंद. तुम्ही नावं घेतलेले तिन्ही स्कॅनर टेट्रा वाचतच नाहीत. तिथे असाल तर पैसे वाचले समजा.

मग साधं की ट्रंकिंग ते बघा. साध्या पद्धतीत एका विभागाची एक ठरलेली फ्रिक्वेन्सी असते, ती भरली की झालं. ट्रंकिंग म्हणजे बँकेतलं टोकन: आपलं काम कुठल्या खिडकीवर होणार ते आधी ठरलेलं नसतं, नंबर लागला की कळतं. खिडकी सांगायचं काम कंट्रोल चॅनल करतो आणि प्रत्येक गटाचा एक टॉकग्रुप असतो. बीसी१२५एटीला हे कळत नाही. त्याला अर्ध वाक्य इथे आणि उरलेलं कुणा दुसऱ्याचं तिथे असं ऐकू येईल. शिवाय त्याची धाव ५१२ मेगाहर्ट्झपर्यंतच. ७०० किंवा ८०० च्या पट्ट्यात काही असेल तर तो बाद.

आणि ज्यावर माणसं हमखास फसतात ते सिमुलकास्ट. एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक टॉवर एकाच वेळी तेच बोलणं पाठवतात. दोन टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किंचित पुढेमागे पोचतो आणि साध्या डिजिटल स्कॅनरचा गोंधळ उडतो. पडद्यावर सिग्नलच्या काड्या भरलेल्या, आणि कानात मात्र तुटके शब्द. माणूस म्हणतो अँटेना मोठी लावू. लावतो, आणि आणखी बिघडतं, कारण आता तिसरा टॉवरही यायला लागला! जुन्या स्कॅनरवाल्यांची युक्ती उलटी असते: अँटेना काढून टाका, नाहीतर इमारतीच्या अशा बाजूला उभे राहा की एकच टॉवर दिसेल. चालतं कधीकधी. पण पुराच्या पाण्यात उभं राहून कोण कोपरा शोधणार?

एसडीएस१०० २०१८ मध्ये आला तो नेमका याच दुखण्यावर. त्याचा रिसीव्हर आय-क्यू पद्धतीचा, म्हणजे सिग्नलचा नुसता जोर नाही तर लहरीची स्थितीही मोजणारा आहे, त्यामुळे सिमुलकास्ट तो पुष्कळ नीट पचवतो. बीसीडी४३६एचपी पी२५ या डिजिटल रेडिओ पद्धतीचे दोन्ही टप्पे वाचतो, पण सिमुलकास्टपुढे डगमगतो. म्हणजे सिमुलकास्ट असेल तर मधलं मॉडेल घेऊन ना धड पैसे वाचतात ना धड ऐकू येतं. सिमुलकास्ट नसेल तर तेच उत्तम, शिवाय तीन एए सेलवर चालतं. एसडीएस१०० ची लिथियम बॅटरी त्याची स्वतःची, उतरली की कोपऱ्यावरच्या सेलने भागत नाही. वीज गेलेल्या ठिकाणी जाणार असाल तर ही गोष्ट लहान नाही. तिथे डीएमआर किंवा एनएक्सडीएन (आणखी दोन डिजिटल पद्धती) असेल तर ते या दोन्ही मॉडेलांवर वेगळे पैसे भरून चालू करावं लागतं, हेही हिशेबात धरा.

चिनी वॉकीटॉकीबद्दल थोडक्यात: त्याला बोलायचं बटण आहे. खिशात दाबलं गेलं आणि भलत्या चॅनलवर गेलं तर? आणि स्कॅनिंग रांगत रांगत. नको.

ॲप म्हणजे कुणाच्या तरी घरचाच स्कॅनर इंटरनेटवरून तुमच्यापर्यंत येतो, उशिरा. वादळात नेट पडलं की तोही नाही.

कायदा बघूनच पैसे मोजा. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेला संदेश मुद्दाम ऐकणं हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. भारतात रेडिओ उपकरण नुसतं बाळगायलाही परवानगीचा प्रश्न येतो. अमेरिकेत ऐकणं साधारण चालतं, तरी गाडीत स्कॅनर ठेवण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे. तुम्ही गटातर्फे काम करता, तर सेवेकडूनच लेखी घ्या. कदाचित ते स्वतःच पेजर (कॉल आला की वाजणारं खिशातलं यंत्र) देतील.

डोंगल
काका, पण आधी शोधायचं कशाने? मी म्हणतो आरटीएल-एसडीआरची डोंगल घ्या, लॅपटॉपला लावून रेडिओ ऐकायची. मुळात टीव्ही बघायची वस्तू, स्कॅनरच्या मानाने फुकटच. एसडीआरट्रंक हे सॉफ्टवेअर टाकलं की कंट्रोल चॅनल, टॉकग्रुप, कुठला एन्क्रिप्टेड, सगळं पडद्यावर. एकाच वेळी दोन-तीन बोलणीही धरता येतात, हे हातातल्या स्कॅनरला जमत नाही.

खरखर
शोधायला डोंगल झकास, वाद नाही. प्रत्यक्ष कामावर मात्र लॅपटॉप छातीशी धरून फिरता येत नाही. अमेरिका-कॅनडात असाल तर रेडिओरेफरन्स या संकेतस्थळावर बहुतेक सगळं मांडलेलं सापडतं. आणि एक फुकटचा अंदाज: अग्निशमनवाल्यांच्या कमरेच्या वॉकीटॉकीची अँटेना बघा. लांब असेल तर बहुधा व्हीएचएफ (कमी फ्रिक्वेन्सीचा पट्टा), बोटाएवढी आखूड असेल तर ७००-८००. पुरावा नाही, पण दिशा कळते.

पाऊसपाणी
केलं सगळं. आमच्या अधिकाऱ्यांनाही विचारलं. ऐकायला हरकत नाही, म्हणाले, आणि तसं पत्रही मिळालं. चित्र असं: अग्निशमनचा कॉल साध्या ॲनालॉग व्हीएचएफवर, १५४ मेगाहर्ट्झच्या आसपास, आधी दोन सूर वाजतात. रुग्णवाहिका पी२५ टप्पा दोन, आणि हो, सिमुलकास्ट. पोलीस पूर्ण एन्क्रिप्टेड.

खरखर
मग पोलीस विसरा, त्यासाठी एक पैसाही जास्त मोजू नका.

आता स्वतःला विचारा, रुग्णवाहिकेचं बोलणं तुम्हाला कामाचं आहे की नुसती उत्सुकता? तुमचं निघणं अग्निशमनच्या कॉलवर ठरत असेल तर बीसी१२५एटी पुरतो. दोन एए सेल, हातमोज्यातही दाबता येणारी बटणं, काही बिघडायला जागाच नाही. रुग्णवाहिका खरंच हवी असेल तर मात्र एसडीएस१०० किंवा युनिकेशनचा जी५ पेजर. जी५ सिमुलकास्टवर मजबूत आहे, पण तो स्कॅनरसारखा इकडेतिकडे भटकण्यासाठी नाही. चौथामाळांचं उत्तर शेवटी बरोबर ठरू शकतं, फक्त कारण कळल्यावर.

ते दोन सूर म्हणजे ठाण्याला उठवायची घंटा. एसडीएस१०० आणि ४३६ मध्ये फायर टोन-आऊट आहे: ठरलेले सूर वाजेपर्यंत स्कॅनर गप्प, वाजले की बोलतो. झोपताना हे फार सुखाचं. पण त्या वेळी तो बाकी काही ऐकत नाही. बीसी१२५एटी मध्ये ही सोय नाही.

चौथामाळा
मान्य. मी ८०० च्या सिमुलकास्टवर आहे, म्हणून तसं लिहिलं.

पाऊसपाणी
निघणं अग्निशमनच्या कॉलवरच ठरतं. बीसी१२५एटी घेतोय. गटाचा एक जण घरी डोंगल लावून रुग्णवाहिका ऐकेल आणि गरज पडली तर कळवेल. अँटेना सोबत येते तीच ठेवू का?

खरखर
ती सगळ्या पट्ट्यांत थोडी थोडी चालते, म्हणजे कुठेच धड नाही. अँटेना तरंगलांबीच्या पाव भागाएवढी हवी, हिशेब सोपा: ७५ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. १५४ ला साधारण ४९ सेंटीमीटर. एवढी लांब खिशातून बाहेर लोंबते, पण तुमचं ॲनालॉग आहे आणि सिमुलकास्टची कटकट नाही, तेव्हा खुशाल लावा. जोड बीएनसी आहे, चटकन बदलता येतो. आखूड पिशवीत राहू द्या, गर्दीत लांब अँटेना कुणाच्या तरी डोळ्यात जाते.

आणि कॉलची फ्रिक्वेन्सी प्रायॉरिटीवर टाका, म्हणजे स्कॅनर ती मधूनमधून तपासत राहील. बाकीचे दहाबारा चॅनल भरायचा मोह होईल. भरा, पण निघायच्या वेळी लॉकआऊट करा, म्हणजे स्कॅनर ते वगळेल.