वंशावळ-संशोधक नेमायचा आहे, कसा निवडावा?

मागोवा

नमस्कार. वडिलांच्या बाजूची आमची माहिती पणजोबांपर्यंत येते आणि तिथेच थांबते. पणजोबांचे वडील बोटीनं दुसऱ्या देशात गेले, तिथेच स्थिरावले आणि पुढच्या दोन पिढ्यांत मूळ गावाचं नावसुद्धा कुणाला सांगता येईना. घरात एक जुना दाखला, दोन पत्रं आणि काही फोटो आहेत. वडिलांचं वय झालंय. त्यांच्या हयातीत हे कळावं अशी माझी फार इच्छा आहे. देशांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण मला माणूस कसा निवडायचा आणि काम कसं सोपवायचं हे विचारायचं आहे.

आतापर्यंत दोघांशी बोलले. एकांनी ठरलेल्या रकमेत बारा पिढ्यांची वंशावळ आणि घराण्याचं मानचिन्ह (ढालीवरचं चिन्ह, 'कोट ऑफ आर्म्स'), दोन्हीची हमी दिली. दुसऱ्या बाईंनी कसलीच हमी दिली नाही. माझ्याकडे कोणते कागद आहेत ते विचारलं, आधी ठरावीक तासांचंच काम घेईन म्हणाल्या, आणि त्या तासांत काही सापडलं नाही तरी मानधन द्यावं लागेल हेही सांगून टाकलं. घरच्यांचा कल पहिल्यांकडे आहे. पैसे मोजायचे तर हातात काहीतरी पडायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

कुणी असं काम करून घेतलंय का? आणि डीएनए चाचणी आधी करावी का?

उंबरठा

दुसऱ्या बाईंकडे जा. कागद बघायच्या आधी बारा पिढ्यांची हमी देणारा माणूस त्या पिढ्या आणणार कुठून?

गुस्ताव आंजू हे नाव वाचून बघा. १८६३ मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेल्या या गृहस्थानं अमेरिकेत श्रीमंत घराण्यांना बनावट वंशावळी करून विकल्या. त्यात खऱ्या नोंदी आणि रचलेल्या नोंदी अशा बेमालूम मिसळल्या होत्या की १९४२ मध्ये तो वारला तरी त्याचे खोटे पूर्वज आजही लोकांच्या वंशवृक्षांत सापडतात. गिऱ्हाइकाला जे हवं होतं ते त्यानं दिलं, एवढंच.

मानचिन्हाचंही तसंच. इंग्लंडमध्ये मानचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वारसांना दिलं जातं, आडनावाला नाही. आडनाव जुळलं म्हणून मानचिन्ह तुमचं होत नाही. ते विकायला काढणाऱ्याला ही साधी गोष्ट माहीत नसेल तर त्याच्या बाकीच्या कामावर विश्वास कसा ठेवणार?

दप्तरखाना

हे काम मी व्यवसाय म्हणून करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

घरच्यांची शंका रास्त आहे, पण तुम्ही मानधन देता ते संशोधकाच्या वेळेला आणि पारखीला. नोंद सापडेल का, हे ती नोंद शिल्लक आहे का यावर ठरतं. १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचा बहुतेक भाग हातचा गेला. १९२२ मध्ये डब्लिनमधलं सरकारी अभिलेखागार यादवी युद्धात जळालं आणि शतकानुशतकांची दप्तरं एका दिवसात राख झाली. अशा ठिकाणच्या पूर्वजांबद्दल हमी कोण आणि कशाच्या जोरावर देणार?

पण संशोधकाचा कस लागतो तोही इथेच. मूळ वही जळाली तरी तिच्यावरून काढलेला उतारा दुसऱ्या कचेरीत असू शकतो, जमिनीच्या व्यवहारात साक्षीदार म्हणून सही असू शकते, मृत्युपत्रात भावाचा उल्लेख असू शकतो. डब्लिनच्या दप्तरांच्या अशाच विखुरलेल्या नकला गोळा करून २०२२ पासून त्यांचं मोठं डिजिटल दालन सगळ्यांसाठी खुलं झालं आहे. 'नोंदी नष्ट झाल्या, विषय संपला' असं सांगून थांबणारा संशोधक मी नेमणार नाही. त्याऐवजी तो आणखी कुठे बघेल, हे पहिल्याच बोलण्यात विचारा.

आता काम सोपवण्याबद्दल. 'आमच्या घराण्याचं मूळ शोधा' असं सांगू नका. त्यात तास कुठे जातात हे तुम्हालाही कळत नाही आणि संशोधकालाही. एका माणसाबद्दल एक प्रश्न द्या, ज्यात नाव, अंदाजे काळ, शेवटचं माहीत असलेलं ठिकाण आणि नेमकं काय हवंय ते असेल. प्रश्न जितका लहान तितकं उत्तर पक्कं. चार पिढ्या मागे जायच्या असतील तरी एका वेळी एकच पिढी, आणि तीही अलीकडून मागे. मधली कडी सिद्ध न करता पुढे उडी मारली की सारख्या नावाचा भलताच माणूस तुमचा पूर्वज होऊन बसतो, आणि त्याच्यामागची सगळी शाखा परक्याची.

करारात मला या गोष्टी लागतात: किती तास, तासाचा दर, दाखल्यांच्या नकला आणि प्रवास यांचा खर्च वेगळा की धरून, मर्यादा ओलांडण्याआधी तुमची लेखी परवानगी, अहवाल कधी, आणि हाती आलेली माहिती संशोधकाला दुसरीकडे वापरता येईल का. हयात नातेवाइकांची नावं आणि जन्मतारखा कुठेही प्रसिद्ध होणार नाहीत हे तर लिहूनच घ्या.

आणि अहवाल. नुसता रंगीत वंशवृक्ष म्हणजे अहवाल नव्हे. कोणती वही, कोणत्या वर्षांची, नावाचं कोणकोणतं स्पेलिंग घेऊन तपासली, काय मिळालं, आणि काय मिळालं नाही, हे सगळं त्यात हवं. 'मिळालं नाही' या नोंदीला फार किंमत आहे. पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला काम दिलंत तर त्याच वह्या तुमच्या पैशानं पुन्हा चाळल्या जाणार नाहीत. प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार आणि मिळेल तिथे मूळ पानाचं छायाचित्र मागा. नुसती टंकलिखित माहिती पुरत नाही, कारण उतरवून घेणाऱ्याच्या हातून अक्षर चुकतं.

संदूक

दप्तरखाना, उत्तम प्रतिसाद. पण पारख करण्याइतकं ज्ञान सामान्य माणसाकडे नसतं. पदवी, परवाना, काही असतं का?

दप्तरखाना

बहुतेक देशांत या व्यवसायाला परवाना लागत नाही. कुणीही स्वतःला वंशावळ-संशोधक म्हणवून घेऊ शकतो, त्यामुळे तुमची काळजी योग्यच आहे.

काही संस्था मात्र पारखून घेतात. अमेरिकेत १९६४ पासून 'बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जीनिऑलॉजिस्ट्स' आहे. ते उमेदवाराचं प्रत्यक्ष काम तपासून प्रमाणपत्र देतात आणि दर पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ साली स्थापन झालेली 'आग्रा' (इंग्रजी आद्याक्षरं AGRA) ही संशोधकांची संघटना आहे. १९७९ ची 'असोसिएशन ऑफ प्रोफेशनल जीनिऑलॉजिस्ट्स' जगभरातल्या संशोधकांची यादी ठेवते. तिथे सभासदाला आचारसंहितेवर सही करावी लागते, पण परीक्षा नसते. त्यामुळे त्या यादीत नाव असणं ही निवडीची सुरुवात समजा.

प्रमाणपत्र नसलेले पण तरबेज लोक भरपूर आहेत, विशेषतः एखाद्या प्रांताच्या जुन्या लिपीत मुरलेले. म्हणून मी नेहमी सांगतो, आधीच्या एखाद्या कामाचा नमुना अहवाल मागा, नावं झाकून दिला तरी चालेल. तो वाचताना एकच गोष्ट बघा: दोन कागद एकमेकांशी विसंगत होते तिथे लेखकानं काय केलं? विसंगती मांडून, कुठला कागद जास्त विश्वासार्ह आणि का, हे लिहिलं असेल तर माणूस कामाचा. या क्षेत्रात पुराव्याची जी कसोटी मानतात तिच्यात पाच गोष्टी येतात. शोध शक्य तितका सर्वांगीण असावा, प्रत्येक विधानाला आधार असावा, पुरावे एकमेकांशी ताडून बघावेत, विसंगतीचा उलगडा करावा आणि निष्कर्ष कारणांसह लिहून काढावा. चौथीत बरेच जण गळतात.

रेणू

डीएनएबद्दल मी लिहिते.

नेहमीची चाचणी ऑटोसोमल असते, म्हणजे लिंग ठरवणारी गुणसूत्रं सोडून बाकीच्या गुणसूत्रांची. ती आई आणि वडील दोन्हींकडच्या सगळ्या शाखांना लागू पडते, पण प्रत्येक पिढीला वारसा निम्मा होत जातो. चाचणी केलेल्या दोघांचे पणजोबा एकच असतील तर त्यांच्या डीएनएची जुळणी जवळजवळ नक्की दिसते. खापरपणजोबा एकच असतील तर साधारण दहा जोड्यांपैकी एकीत काहीच जुळत नाही, जरी नातं खरं असलं तरी. तुमचा प्रश्न नेमका खापरपणजोबांच्या पातळीवरचा आहे, म्हणून तुमच्यापेक्षा वडिलांची चाचणी करणं फार मोलाचं. ते त्या माणसाला एका पिढीनं जवळ आहेत. त्यांच्या बहिणी, चुलतभाऊ असतील तर त्यांचीही. प्रत्येकाकडे वारशाचा वेगळा तुकडा आलेला असतो.

वाय-गुणसूत्राची चाचणी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या सरळ रेषेची. बायकांत हे गुणसूत्र नसतं, म्हणून तुम्हाला ती स्वतःवर करता येणार नाही, वडील किंवा भाऊच लागतील. सरळ पितृवंश शोधायचाय म्हणून तुमच्या बाबतीत ती उपयोगी आहे.

निकालात पूर्वज कुठल्या भागातले ते दाखवणारे टक्केवारीचे रंगीत नकाशे येतात, ते बघून मूळ गाव ठरवू नका. ते आकडे कंपनीकडच्या तुलनेच्या नमुन्यांवर अवलंबून असतात आणि नमुने बदलले की बदलतात. खरं काम तुमच्याशी डीएनए जुळलेल्या माणसांच्या यादीतून होतं: ही कोण, यांचे पणजोबा कोण, दोन्ही वंशवृक्ष कुठे मिळतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. घरातल्या सगळ्यांशी आधी बोला. दत्तक, सावत्र भावंडं, कुणी न सांगितलेलं नातं, हे सगळं या यादीत उघडं पडू शकतं आणि एकदा कळलं की परत झाकता येत नाही. वडिलांना हे समजावून, त्यांनी मनापासून हो म्हटलं तरच नमुना द्या. माहितीच्या सुरक्षिततेचाही विचार करा. २०२३ मध्ये २३अँडमी या डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीच्या जवळपास ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. नमुना नष्ट करण्याचा आणि माहिती पुसण्याचा पर्याय कुठे आहे ते आधी वाचा.

उंबरठा

+१. वडिलांचं वय बघता चाचणी लवकर करा, कागद थांबू शकतात.

मागोवा

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी प्रतिसाद वाचून दाखवले, आता दुसऱ्या बाईंनाच काम द्यायचं ठरलंय. वडील चाचणीला आनंदानं तयार आहेत, रेणू यांनी लिहिलेला इशारा ऐकूनही.

दोन शंका. घरात असं सांगतात की बंदरावरच्या कारकुनानं खापरपणजोबांचं आडनाव बदललं. आणि दाखल्यावरचं वय फोटोमागच्या तारखेशी चार वर्षांनी जुळत नाही. कशावर विश्वास ठेवू?

दप्तरखाना

कारकुनाची कथा जगभरातल्या घरांत सांगतात. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर १८९२ ते १९५४ या काळात लाखो लोक उतरले, पण तिथले अधिकारी बोटीबरोबर आलेली यादी समोर ठेवून विचारपूस करत आणि ती यादी निघण्याच्या बंदरावर तयार झालेली असे. आडनावं बहुधा पुढे बदलली, शाळेत, कामावर, नागरिकत्व घेताना, आणि बरेचदा माणसांनी स्वतःच बदलली. तुमच्यासाठी यातलं महत्त्वाचं असं की निघण्याच्या बंदराची यादी वेगळी शोधा. प्रवासाच्या दोन्ही टोकांना दप्तरं असतात आणि मूळ गाव बहुतेक वेळा निघण्याच्या टोकाला मिळतं. जर्मनीतल्या हांबुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ च्या याद्यांत प्रवासी आधी कुठे राहत होता ते लिहिलेलं असतं. उलट मॉरिशससारख्या ठिकाणी पोचण्याच्या टोकाची दप्तरं समृद्ध आहेत. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर मजुरीला नेलेल्या लोकांच्या, नोंदी तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत.

सोबत कोण आलं तेही बघा. एकाच बोटीवर लागोपाठ ओळींत असलेली माणसं, लग्नाचे साक्षीदार, शेजारी. लोक एकटे क्वचित स्थलांतर करत. तुमच्या माणसाचं गाव लिहिलेलं नसेल, पण त्याच्या साक्षीदाराचं असू शकतं.

चार वर्षांचा फरक मोठा नाही. जुन्या काळी पुष्कळांना स्वतःचं वय अंदाजानंच ठाऊक असे. दाखला कसला आहे? मृत्यूचा असेल तर वय सांगणारा माणूस दुसराच होता. घटना घडली तेव्हाच, प्रत्यक्ष माहिती असलेल्या माणसानं केलेली नोंद जास्त वजनाची. दोन्ही तारखा संशोधकाला तशाच द्या, एक निवडून देऊ नका.

काम सुरू होण्याआधी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर स्वतः शोधून बघा. ते विनामूल्य आहे. १९३८ पासून काढलेल्या तिथल्या सूक्ष्मपटांचं (मायक्रोफिल्मचं) डिजिटायझेशन २०२१ मध्ये पूर्ण झालं. बऱ्याच वह्यांची नावांची सूची नाही, तिथे पानं उलटत जावं लागतं. जे बघाल ते लिहून ठेवा आणि ती यादी बाईंना द्या, तेवढे तास वाचतील.

मागोवा

दाखला मृत्यूचाच आहे, आणि माहिती देणारे म्हणून जावयाचं नाव आहे! बाईंना पाठवायचा मजकूर असा लिहिला आहे: 'पणजोबांचे वडील, मृत्युदाखल्यावरून जन्म सुमारे १८६०, फोटोमागच्या तारखेवरून सुमारे १८६४. त्यांनी कोणत्या गावाहून प्रवास केला?' कागदांची छायाचित्रं दोन्ही बाजूंनी काढून जोडली आहेत.

दप्तरखाना

चांगलं झालंय, दोनच बदल करा. दाखल्यातल्या जावयाचं नाव वरच घ्या, त्याच्या लग्नाच्या नोंदीत सासऱ्याचं गाव असू शकतं. आणि हे गृहस्थ पणजोबांचे वडील होते, याला सध्या घरच्या सांगण्याखेरीज आधार काय? नसेल तर पहिला प्रश्न तोच ठेवा, गावाचा दुसरा.