मदत हवी आहे : सातवा महिना, एचआयव्ही निघालाय, बाळंतपणाला गावी पाठवायचं का?

नमस्कार मंडळी, मी धायरीत राहते. आमच्या शेजारच्या बांधकामावर उदगीरकडचं एक जोडपं वॉचमन म्हणून आहे, पत्र्याच्या खोलीत राहतात, चार वर्षांची मुलगी आहे. बायको आमच्याकडे धुण्याभांड्याला येते, सातवा महिना चालू आहे. नाव गाव काही लिहीत नाही कारण तिने मला शपथ घातलीये.

झालं असं की नाव नोंदवताना रक्त तपासलं त्यात एचआयव्ही निघाला, मग नवऱ्याचं तपासलं तर तोही पॉझिटिव्ह. ससूनमधून दोघांच्या गोळ्या सुरू झाल्यात, रोज रात्री एक, फुकट मिळतात. तिला दीड महिना झाला. आधी जवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नाव घातलं होतं, तिथे रिपोर्ट दाखवल्यावर सरळ "आमच्याकडे होणार नाही" म्हणाले, तेही बाहेर बाकावर बसलेल्या बायकांसमोर. घरी येऊन दोन दिवस जेवली नाही ती. मला तर काय बोलावं तेच कळेना.

आता तिची आई म्हणते आठव्यात गावी ये. तिथे कुणालाच माहीत नाही, गोळ्यांच्या डबीचं लेबल तिने नखाने खरवडून काढलंय. मला भीती वाटते की तिथे गोळ्या संपल्या तर? दवाखान्यात न नेता घरीच बाळंतपण केलं तर? आणि बाळाला अंगावर पाजायचं की नाही? शेजारची एक म्हणाली अजिबात पाजू नको, पण डब्याचं दूध यांना परवडणार कसं, पाणी टँकरचं. कुणाला खात्रीशीर माहिती असेल तर प्लीज सांगा, ऐकीव नको.

प्रतिसाद १
ताई, मी बरीच वर्षं वस्त्यांमध्ये या कामात आहे म्हणून लिहिते. पहिलं म्हणजे घाबरू नका, गोळ्या वेळेवर सुरू झाल्यात. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, नीट गोळ्या घेतल्या तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. त्यामुळे एकही दिवस चुकवायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या असणार. त्या एचआयव्हीच्या गोळीसोबत एकदम घेऊ नयेत, औषध अंगात नीट शोषलं जात नाही. ती गोळी लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी. हे बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही.

ससूनमध्ये विचारा की व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहेत ती तपासणी) कधी करणार, शेवटच्या महिन्यांत तो करतात. तो किती येतो त्यावर बाळाला एक औषध की दोन, सहा आठवडे की बारा, ते ठरतं. बाळाला लागण होऊ नये म्हणून देतात ते नेव्हिरॅपिनचं सिरप जन्मल्यावर लगेच सुरू व्हावं लागतं म्हणून बाळंतपण दवाखान्यातच, घरी नाही. एचआयव्ही आहे एवढ्यासाठी सिझर करायची गरज नसते.

दूध : पहिले सहा महिने फक्त अंगावरचं. शेजारणीचं ऐकू नका. पण फक्त म्हणजे फक्त, मध चाटवणं नाही, बाळगुटी नाही, वरचं दूध नाही, पाणीसुद्धा नाही. अंगावरचं आणि वरचं एकत्र केलं की धोका वाढतो. गावी आजी प्रेमाने गुटी उगाळणारच, म्हणून मला वाटतं निदान आईला विश्वासात घ्यावं, पण सांगायचं की नाही हे तिनेच ठरवायचं, तुम्ही नाही.

प्रतिसाद २
गावी जायचंच असेल तर ससूनच्या काउन्सेलरला आधी सांगा, नाव ट्रान्सफर होतं. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातही एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या गोळ्या देणारं केंद्र) आहे. हेल्पलाइन १०९७, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि त्या नर्सिंग होमवाल्यांनी जे केलं ते कायद्याने चूक आहे, २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि चारचौघांत सांगता तर येतच नाही. मोठ्या मुलीची टेस्ट झाली का? ती तर लगेच करा.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे. आत्ताच खोलीवर जाऊन आले. ती तिन्ही गोळ्या रात्री एकदमच घेत होती, विसरायला नको म्हणून!! आता लोह सकाळी, कॅल्शियम दुपारी आणि ती मोठी रात्री झोपताना असं ठरवलंय, तरी ससूनमध्ये पुन्हा विचारूच. गावी जायचं रद्द, आईलाच इकडे बोलावणार म्हणाली, काय सांगायचं ते ती आल्यावर बघू म्हणते. मुलीची टेस्ट झालेली नाही. सोमवारी घेऊन जाते मी तिला. एकच शंका, बाळाची टेस्ट जन्मल्यावर लगेच होते का?

प्रतिसाद १
सहाव्या आठवड्यात पहिली, मग सहा महिने, एक वर्ष, आणि शेवटची अठराव्या महिन्यात. आईच्या अँटीबॉडीज (विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारे घटक, साध्या टेस्टमध्ये तेच दिसतात) बाळाच्या रक्तात बरेच महिने राहतात, त्यामुळे मधेच कुणी खाजगी लॅबमध्ये साधी टेस्ट करून पॉझिटिव्ह म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि सोमवारी लवकर निघा, लाइन मोठी असते.