फुकुशिमाचा समुद्र: तपासणीचा नमुना कोणाच्या हातात असावा?

किनारपट्टी: २४ ऑगस्ट २०२३ पासून जपानची वीज कंपनी टेप्को २०११ मध्ये अपघात झालेल्या फुकुशिमा दाइइची अणुकेंद्रातलं, टाक्यांत साठवलेलं आणि प्रक्रिया केलेलं पाणी बोगद्यातून एक किलोमीटर आत समुद्रात सोडतेय. त्यातल्या ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याची मर्यादा लिटरला १,५०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक). पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी १०,००० आहे. तरी चीनने त्याच दिवशी जपानी मासळी बंद केली. सप्टेंबर २०२४ मध्ये तोडगा निघाला, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली चीन, दक्षिण कोरिया आणि स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन नमुने घेतले. जून २०२५ मध्ये चीनने बंदी अंशतः उठवली. माझं ठाम मत आहे: ज्याचा विश्वास नाही, त्यालाच नमुना भरू द्यावा. दुसरा कुठलाही उपाय एवढा टिकाऊ नाही.

तांडेल: अजिबात पटलं नाही. नमुना भरायला बोलावलं तेव्हा पाणी सोडून वर्ष उलटलं होतं. २०१५ मध्ये तिथल्या मच्छीमारांना लेखी शब्द दिला होता की संबंधितांच्या संमतीशिवाय पाणी सोडणार नाही. तो कुठे गेला? २०१८ मध्ये उघड झालं की टाक्यांमधल्या बऱ्याचशा पाण्यात स्ट्रॉन्शियमसारखी इतर किरणोत्सारी द्रव्यं मर्यादेबाहेर आहेत. तोपर्यंत लोकांना फक्त ट्रिटियमचं सांगत होते.

रसायनी: तांडेल, २०१८चा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच ते पाणी पुन्हा गाळल्याशिवाय सोडता येत नाही. सोडण्याआधी टाक्यांमधलं पाणी ढवळून एकजीव करतात आणि एकेक किरणोत्सारी द्रव्य मोजतात. ट्रिटियम मात्र गाळून निघत नाही. तो हायड्रोजनचाच प्रकार, पाण्याच्या रेणूतच बसलेला. म्हणून समुद्राच्या पाण्यात शंभर पटींहून जास्त पातळ करतात. देखरेखीची खरी ताकद पुढे आहे: एकच नमुना वाटून वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळांत जातो आणि आकडे शेजारी शेजारी ठेवतात. खुल्या समुद्रात ट्रिटियम इतकं कमी असतं की आधी विद्युत विघटनाने ते दाट करावं लागतं, मग मोजता येतं. इथे कोणी आकडा फिरवला तर बाकीच्यांशी जुळणार नाही.

तांडेल: प्रयोगशाळेवर माझा राग नाही. पण मे २०२३ मध्ये केंद्राच्या बंदरात पकडलेल्या एका माशात किलोला १८,००० बेकरेल किरणोत्सारी सीझियम निघालं, मर्यादा १०० असताना. हे पाणी सोडण्याच्या आधीचं, २०११ च्या अपघाताचं. बाहेरच्या पाण्याचे नमुने कितीही स्वच्छ निघाले तरी गिऱ्हाईक हा मासा विसरत नाही, आणि लिलावात भाव पडतो तो कोळ्याचा. शिवाय आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अणुऊर्जेचा प्रसारही करते, तिच्या घटनेतच लिहिलंय. तिला पंच कसं मानायचं?

किनारपट्टी: म्हणून तर चीन-कोरियाचे लोक हवेत! त्यांना टेप्कोची बाजू घेण्याचं काही कारण नाही.

तांडेल: त्यांना उलटं कारण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तैवानवरून वाद पेटला आणि चीनने मासळी पुन्हा अडवली. मधल्या काळात समुद्र बदलला होता का? चीनच्या स्वतःच्या अणुकेंद्रांतूनही ट्रिटियम समुद्रात जातंच. नमुन्याचा निकाल राजकारणापुढे टिकत नसेल तर मच्छीमाराने त्यावर पोट कसं भरायचं?

रसायनी: राजकारण थांबवणं मोजणीचं काम नाही. पण आकडे सर्वांसमोर आहेत म्हणूनच आज आपण म्हणू शकतो की बंदीचं कारण पाणी नाही. हे छोटं नाही.

खाडीकाठ: आपल्याकडचं बघा. तारापूरच्या अणुकेंद्राजवळ समुद्राचे नमुने तपासते ती भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रयोगशाळा, म्हणजे अणुऊर्जा विभागाचीच. आंतरराष्ट्रीय संस्थेचे निरीक्षक तिथे इंधनाचा हिशोब तपासतात, समुद्राचा नाही. जैतापूरच्या नियोजित अणुकेंद्राचं बांधकाम सुरू व्हायच्या आधीच तिथल्या नाटे-साखरीच्या मच्छीमार सोसायट्यांसमोर पाणी, गाळ आणि मासळीचे नमुने भरा. निम्मा नमुना त्यांनी निवडलेल्या प्रयोगशाळेत जाऊ दे.

तांडेल: याला माझा पाठिंबा आहे. फक्त प्रयोगशाळेचा खर्च कोळ्यांवर टाकू नका, आणि अहवाल मराठीत सोसायटीच्या फलकावर लागला पाहिजे.