एमआरआयवरून लिव्हर कॅन्सरचा उपप्रकार कळतो का? डॉक्टर म्हणतायत बायोप्सी नको

नाशिकचा_पोरगा
बाबा ६३ वर्षांचे. हेपेटायटिस बी जुना, सिरोसिस चार वर्षांपूर्वी कळलं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी असते, यावेळी गाठ दिसली म्हणून एमआरआय केला तर रिपोर्टात ३.२ सेमी आणि पुढे एलआर-५. डॉक्टर म्हणाले हा एचसीसीच (लिव्हरच्या पेशींचाच कॅन्सर), तुकडा काढायची गरज नाही. घरात लगेच दोन पार्ट्या. आई म्हणते सुई न टोचता कॅन्सर ठरवलाच कसा, आणि धाकट्या काकांनी ग्रुपवर मेसेज टाकलाय की आता एआय ऑपरेशनशिवाय एमआरआयवरून कॅन्सरचा उपप्रकार सांगतं, ते करा म्हणजे ऑपरेशन टळेल. या लाइनमधलं कुणी आहे का?

रात्रपाळी_रेडिओ
रेडिओलॉजीत रेसिडेंट आहे. आधी तुमच्या आईंचं. लिव्हरचा कॅन्सर यात जरा वेगळा आहे, सिरोसिस किंवा जुना हेपेटायटिस बी असलेल्या माणसाची गाठ डाय दिल्यावर आर्टरियल फेजला (डाय धमनीतून पोचतो तेव्हाच्या पहिल्या फोटोत) चकाकली आणि नंतरच्या फोटोत आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडली (याला वॉशआउट म्हणतो) तर बायोप्सीशिवाय निदान धरतात. एलआर-५ म्हणजे तेच, एचसीसी जवळपास नक्की. सुईने रक्तस्राव होऊ शकतो आणि शंभरात दोन-तीन जणांना सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजतात, मग उगाच कशाला टोचायचं.

आता काकांचं. मेसेज अगदीच थाप नाही पण अर्थ उलटा लागलाय. ‘ऑपरेशनशिवाय’ म्हणजे गाठ कापून न काढता प्रकार ओळखणं, उपचाराचं ऑपरेशन टळणं नव्हे!! आणि काही प्रकारांच्या खुणा आम्हाला साध्या डोळ्यांनीही दिसतात. गाठीत चरबी असेल तर आउट-ऑफ-फेज फोटोत (चरबी ओळखायचा खास फोटो) ती काळवंडते, मग स्टिॲटोहेपॅटिटिक प्रकाराचा संशय येतो. मधे बराच भाग मेलेला, त्यात एएफपी (रक्तात तपासतात तो लिव्हर कॅन्सरचा मार्कर) खूप चढलेलं, तर मॅक्रोट्रॅबेक्युलर-मॅसिव्ह, हा जात्याच आडदांड. प्रिमोव्हिस्ट (लिव्हरच्या पेशी शोषून घेतात असा) डाय दिला तर वीस मिनिटांनी चांगलं लिव्हर उजळतं आणि बहुतेक एचसीसी काळ्याच राहतात, पण काही गाठी डाय पितात आणि त्यांच्यात बऱ्याचदा बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाच्या जीनचं म्युटेशन निघतं. एआयवाले हेच हजारो पिक्सेलवर मोजतात. पण एका हॉस्पिटलच्या मशीनवर शिकलेलं मॉडेल दुसरीकडच्या मशीनवर गडबडतं, त्यामुळे अजून सगळं रिसर्चमध्येच, बाबांच्या रिपोर्टात कुणी लिहून देणार नाही.

स्लाइडवाली
पॅथॉलॉजीकडून दोन शब्द, नाहीतर रेडिओवाले सगळं श्रेय घेऊन जातील 😄 वर जो आडदांड प्रकार सांगितला त्याची आमच्याकडची व्याख्या अशी की पेशींच्या पट्ट्या सहापेक्षा जास्त पेशी जाड पाहिजेत, आणि अशा पट्ट्या निम्म्याहून जास्त गाठीत पाहिजेत. आता बायोप्सीत आमच्या हातात येतो शेवईएवढा तुकडा, त्यावरून अख्ख्या गाठीचं ‘निम्म्याहून जास्त’ कसं ठरवणार? गाठ कापून आली तरच छातीठोक सांगता येतं. उलट एमआरआयला गाठ पूर्ण दिसते, म्हणून त्या रिसर्चमध्ये दम आहे हे मी पण मान्य करते. फक्त स्किऱ्हस (तंतू जास्त असलेला) प्रकार एमआरआयवर पित्तनलिकेच्या कॅन्सरसारखा दिसून फसवतो. म्हणून गाठ एलआर-एम (कॅन्सर वाटतो, पण एचसीसीच असं म्हणता येत नाही) आली तर सहसा सुई टोचावीच लागते. तुमच्याकडे तसं नाहीये.

मिरजेची_सून
माझ्या सासऱ्यांचं झालं होतं म्हणून सांगते, एमआरआय परत करायची वेळ आली तर श्वास रोखायची प्रॅक्टिस घरीच करून घ्या. ‘श्वास सोडा, थांबा’ म्हणतात तेव्हा पंधरा-वीस सेकंद थांबायचं असतं, पोटात पाणी झालेलं, यांना जमेना, ऐन डाय गेल्यावरचा फोटो हलला आणि रिपोर्टात ‘नीट सांगता येत नाही’. पाणी काढून पुन्हा केला. आणि दादा, आम्ही पण प्रकार-उपप्रकार करत बसलो होतो, डॉक्टरांनी मात्र पहिल्यांदा बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन (लिव्हर किती काम करतंय ते) बघितलं.

रात्रपाळी_रेडिओ
ताई बरोबर. प्रिमोव्हिस्टने काहींना त्याच क्षणी दम लागल्यासारखं होतं, आमचे कितीतरी आर्टरियल फोटो त्यात जातात. आणि उपचार खरंच गाठीचा आकार, संख्या, रक्तवाहिनीत शिरलीय का आणि उरलेलं लिव्हर किती दमदार यावर ठरतो, उपप्रकार त्यानंतर.

नाशिकचा_पोरगा
सगळ्यांचे आभार, आईला वॉशआउटचं वाचून दाखवलं, थोडी शांत झाली. काकांना मी काही बोलणार नाही, ते मेसेज टाकतच राहणार. सोमवारी सर्जनकडे जायचंय, एएफपी ४०० च्या वर आहे ते विचारतो. फिल्म नेऊ ना?

स्लाइडवाली
फिल्म न्या, पण सीडी मागून घ्या. सगळे फेज त्यात असतात, फिल्मवर निवडकच छापतात.